‘आत्म्याने दीन’ म्हणजे नेमकं कोण?

आमच्या चर्चमध्ये मी शब्बाथशाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग घेते. एका रविवारी येशूचं डोंगरावरचं प्रवचन शिकवायला काढलं आणि पहिल्याच ओळीवर सातवीतल्या एका पोराने हात वर केला. “टीचर, दीन म्हणजे गरीब ना? मग आत्म्याने दीन म्हणजे ज्याच्याकडे आत्मा कमी आहे तो का?” वर्ग खिदळला. मीही हसले आणि म्हणाले, “नाही रे, दीन म्हणजे नम्र. गर्व करायचा नाही, एवढंच.” पोरगा खाली बसला, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. घरी येऊन पोळ्या लाटताना लक्षात आलं की माझंही झालेलं नाही. सौम्य माणसांबद्दल तर दोनच ओळी खाली वेगळं वचन आहे. मग येशूने एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली असती?

ती ओळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली, तिसरी: “जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे.” इथून पुढे ‘धन्य’ची माळच लागते, एकूण नऊ वेळा. शोक करणाऱ्यांचं सांत्वन होईल, नीतिमत्त्वाची भूक लागलेले तृप्त होतील, दयाळूंवर दया होईल. ही सगळी पुढची आश्वासनं आहेत. पण दीनांबद्दल बोलताना क्रियापद वर्तमानकाळी आहे. राज्य त्यांना मिळेल असं म्हटलेलं नाही, त्यांचं ‘आहे’ असं म्हटलंय. ज्याच्याकडे काही नाही असं आधी म्हटलं, त्याच्याच नावावर सगळ्यात मोठी मालमत्ता. हा विरोधाभास मुद्दाम केलेला आहे, आणि तो समजायचा तर आधी त्या ‘दीन’ शब्दाला हात घालावा लागतो.

भिकाऱ्यासाठीचा शब्द

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीकमध्ये गरिबासाठी दोन शब्द वापरात होते. एक ‘पेनेस’, म्हणजे हातावर पोट असलेला. रोज राबतो, रोज खातो, गाठीला काही उरत नाही, पण चूल पेटते. दुसरा ‘प्तोखोस’. याच्या घरात चूलच नाही. अंग चोरून, दबून बसणं असा या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे. रस्त्याकडेला हात पसरून बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. लूक हा मत्तयासारखाच दुसरा शुभवर्तमानकार. त्याच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर आहे, अंगभर फोड आलेला, ज्याचे फोड कुत्री येऊन चाटत. त्याच्यासाठी वापरलेला शब्द ‘प्तोखोस’. आणि ‘आत्म्याने दीन’ मधला दीनही तोच.

या दोन शब्दांमधल्या अंतरातच सगळा विषय आहे. आपण बहुतेक जण देवापुढे पेनेस म्हणून उभे राहतो. माझं बऱ्यापैकी चाललंय, रविवारी चर्चला येते, कुणाचं वाईट करत नाही, दानपेटीत टाकते. महिनाअखेरीला जरा ओढाताण होते तेवढी देवाने भागवावी. थोडक्यात, शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावं तशी प्रार्थना. प्तोखोसला वाटीभर साखर मागून भागत नाही. त्याच्याकडे चहाच नाही, भांडंही नाही.

येशू बोलला तेव्हा ऐकणारे गालीलातले यहूदी लोक होते, आणि त्यांच्या कानाला हा विचार नवा नव्हता. त्यांच्या स्तोत्रांमधून आणि यशयाच्या ग्रंथातून ‘अनावीम’ नावाची माणसं सतत भेटतात: पिचलेली, वाकवलेली, ज्यांना न्यायाला सरदार-सावकार कुणी नाही, फक्त देव आहे अशी. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात ‘दीनांना सुवार्ता सांगण्यास’ अभिषेक झालेला येतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने हाच उतारा वाचून दाखवला, असं लूक सांगतो.

लूकबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच्या सहाव्या अध्यायात हेच वचन येतं, पण ‘आत्म्याने’ हा शब्द तिथे नाही. सरळ ‘तुम्ही दीन ते धन्य’. पुढे चार ओळींवर श्रीमंतांना ‘हाय हाय’ही आहे. यावर विद्वानांच्या बऱ्याच चर्चा आहेत. मला वाटतं, सुखवस्तू मंडळींना मत्तयाची ओळ फार सोयीची पडते. आत्म्याने दीन व्हायचं, म्हणजे बँकेतलं तसंच राहिलं तरी चालतं! ते तसं नसावं. ज्याला खरोखर उपाशी झोपावं लागलंय त्याला ‘आपलं आपल्याच्याने निभत नाही’ हे शिकवावं लागत नाही, आणि ज्याचं सगळं निभतंय त्याला ते कळायला अर्धं आयुष्य जातं. लूक आणि मत्तय एकाच भिंतीच्या दोन बाजू दाखवताहेत.

दीन आणि हीन

मराठीत आपला एक घोटाळा होतो तो जोडशब्दांमुळे. दीनदुबळा, दीनवाणा, दीनहीन. शेवटचा तर फारच घातक. ‘हीन’ म्हणजे कमी प्रतीचा. त्यात दुसरा कुणीतरी वरच्या प्रतीचा गृहीत आहे. ‘दीन’मध्ये अशी प्रतवारी नाही. त्यात फक्त गरज आहे आणि गरज भागवणारा कुणीतरी आहे. म्हणून तर ‘दीनदयाळ’ हा शब्द तयार होतो. ‘हीनदयाळ’ कुणी म्हणत नाही.

हे मी उगाच शब्दांचा कीस पाडायला सांगत नाही. अहिल्यानगर, जालना या भागांतली पुष्कळ ख्रिस्ती घराणी अशा समाजांतून आलेली आहेत ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं आणि ‘तुम्ही हीन’ असं रोज ऐकवलं. त्यांच्या नातवंडांना व्यासपीठावरून पुन्हा ‘तुम्ही काहीच नाही, धुळीसारखे आहात’ असंच फक्त सांगायचं, तर ती सुवार्ता कसली? पवित्र शास्त्राचं पहिलं पान वेगळं बोलतं: देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचं निर्माण केलं. माणसाची किंमत आधी सांगितलेली आहे, गरज नंतर. सोन्याचं भांडं रिकामं असलं तरी सोन्याचंच.

आणखी एक. आपण निरुपयोगी आहोत, जगून काही फायदा नाही असं आठवडेच्या आठवडे वाटत राहणं याला आत्मिक दीनता म्हणू नका. ते दुखणं आहे, त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. असं बोलणाऱ्याला फक्त ‘प्रार्थना करा’ सांगून घरी पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने नुकसान होतं.

घडा आणि साखर

मग ही गरज नक्की कसली? ख्रिस्ती उत्तर एका शब्दाचं आहे, पाप. आणि मराठी कानाला तो शब्द ऐकला की हिशेबाची वही दिसते. पापाचा घडा भरतो, पुण्याई गाठीला बांधतात, कुणाच्या तरी पूर्वपुण्याईने वेळ निभावते. म्हणजे जमा आणि खर्च. या हिशेबात बहुतेक भल्या माणसांची वही बरीच चांगली निघते, आणि मग ‘मला तारणाची गरज काय?’ हा प्रश्न अगदी रास्त वाटतो.

नव्या करारात पापासाठी येणारा मुख्य शब्द ‘हामार्तिया’. नेम चुकणे, असं त्याचं मूळ. बाण सुटला खरा, पण जिथे लागायचा तिथे लागला नाही. एखादं वाईट कृत्य ही त्याची खूण असते. पण खरी अडचण धनुष्य धरणाऱ्या हातातच आहे. पौल हा येशूचा प्रेषित. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो याच्याबद्दल जवळजवळ वैतागून लिहितो: जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, जे नको तेच हातून घडतं. वहीतली एक नोंद खोडून हे सुटत नाही.

येशूने स्वतः हिशेबाऐवजी दवाखान्याची भाषा वापरली. लेवी नावाच्या जकातदाराच्या घरी तो जेवायला बसला, शास्त्र्यांनी नाकं मुरडली, तेव्हा तो म्हणाला की वैद्याची गरज निरोग्यांना नसते, दुखणाइतांना असते. माझ्या नात्यातले एक काका आहेत. तहान फार लागायची, रात्री चारदा उठायचे, पायाची जखम महिनाभर भरेना. पण “मला काय धाड भरलीय” म्हणून तपासायला जायचं नाव नाही. शेवटी काकूने जवळजवळ ओढत नेलं. उपाशीपोटी साखर १२६च्या वर गेली की डॉक्टर मधुमेहाचा संशय घेतात. काकांची पुष्कळच वर होती. कागद हातात आल्यावर त्यांनी आधी लॅबवालाच चुकला म्हणून सांगितलं, मग दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन आले, मग गप्प झाले. गप्प झाले त्या दिवशी त्यांचे उपचार सुरू झाले.

पौल म्हणतो की नियमशास्त्राचं, म्हणजे मोशेकडून आलेल्या देवाच्या आज्ञांचं, काम त्या कागदासारखं आहे. नियमशास्त्राने पापाची ओळख पटते. रिपोर्टने साखर उतरत नाही, कितीही वेळा वाचला तरी. तो फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांची संख्या मात्र धर्मात कमी नसते.

ज्या गावाला काही कमी नव्हतं

गरज न ओळखणं कसं असतं याचं सगळ्यात नेमकं चित्र मला पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात सापडतं, लावदिकीया इथल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पत्रात. आजच्या तुर्कस्तानात देनिझली शहराजवळ त्या गावाचे अवशेष आहेत. पहिल्या शतकात ते सराफी पेढ्यांचं, व्यापाराचं ठिकाण होतं. तिथल्या काळ्या लोकरीला मागणी होती, जवळच वैद्यकाची शाळा होती, आणि तो मुलूख डोळ्यांच्या औषधासाठी माहीत होता. इ.स. ६० मध्ये मोठा भूकंप झाला. अशा वेळी रोमन सरकार मदत देत असे. रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो की लावदिकीया आमच्याकडून काही न घेता स्वतःच्या पैशांवर पुन्हा उभी राहिली. आपल्याकडे एखाद्या गावाने असं केलं असतं तर गावाच्या कमानीवर कोरून ठेवलं असतं.

पत्रातली ओळ या अभिमानालाच भिडते: मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही असं तू म्हणतोस, पण तू दरिद्री, आंधळा आणि उघडावाघडा आहेस हे तुला कळत नाही. दरिद्री म्हटलंय पेढ्यांच्या गावाला, उघडावाघडा म्हटलंय लोकरीच्या गावाला आणि आंधळा म्हटलंय अंजन विकणाऱ्या गावाला. तिथला ‘दरिद्री’ही ग्रीकमध्ये ‘प्तोखोस’च. पुढच्याच वाक्यात उपायही त्याच बाजारातल्या भाषेत येतात: माझ्याकडून सोनं घे, पांढरी वस्त्रं घे, डोळ्यांत घालायला अंजन घे. तू थंड नाहीस, उष्ण नाहीस, ‘कोमट’ आहेस असा पत्रात जो प्रसिद्ध टोला आहे, त्याचाही गावाच्या पाण्याशी संबंध असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात. शेजारच्या हिरापलीत उकळते झरे होते, कलस्सैला थंडगार पाणी होतं, आणि लावदिकीयेला पाणी नळांतून लांबून यायचं. चुन्याने भरत आलेले ते दगडी आणि मातीचे नळ अवशेषांत दिसतात.

या पत्राच्या शेवटी एक वचन आहे जे आमच्या कित्येक घरांतल्या कॅलेंडरवर असतं. हातात कंदील घेतलेला येशू दारावर थाप मारतोय आणि खाली: पाहा, मी दाराशी उभा आहे. लहानपणापासून मला वाटायचं की तो कुणा अविश्वासी माणसाच्या दाराशी उभा आहे. पत्र पहिल्यापासून वाचल्यावर धक्का बसतो, कारण ते दार मंडळीचं आहे. आत गाणी चालू आहेत, अर्पण गोळा होतंय, सभासदांची यादी पूर्ण आहे, आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय तो बाहेर उभा आहे.

रमाबाईंना आठ वर्षांनी कळलेली गोष्ट

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मी पंडिता रमाबाईंचं देईन, कारण त्यांच्यासारखी ‘काही उणे नाही’ म्हणायला पात्र बाई शोधून सापडणार नाही. १८५८ साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायको-मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायी फिरत पुराणं सांगितली. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या तेव्हा त्या विशीत होत्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरी लहान मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज काढला, १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे दीन-हीनचा मुद्दा पुन्हा येतो. रमाबाईंनी लिहून ठेवलंय की शास्त्रग्रंथ वाचताना त्यांना दोन गोष्टी सगळीकडे सारख्या आढळल्या, एक म्हणजे स्त्रिया मुळातच वाईट आणि दुसरं म्हणजे स्त्री म्हणून त्यांना मोक्ष नाही. हे हीनपण त्यांनी कधीच मान्य केलं नाही. वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या मठातल्या जोगिणींनी, त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातला आश्रम दाखवला, जिथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना माणूस म्हणून वागवलं जात होतं. असं का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तहानेची गोष्ट आहे ती. ‘तुला तहान लागली आहे’ हे तिचा अपमान न करता तिला कसं सांगावं, याचा तो धडाच आहे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. बाप्तिस्मा झाला, त्या शिकल्या, अमेरिका फिरल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, मग ते पुण्याला आलं. बालविधवांना घर मिळालं, शाळा मिळाली. बाहेरून पाहणाऱ्याला या बाईच्या धर्मजीवनात काय कमी दिसणार? आपल्या साक्षीत मात्र त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. मतं पटली होती, विधी झाले होते, सेवा चालू होती. आत कोरड तशीच.

हे कळायला एक निमित्त झालं. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाची आत्मकथा त्यांच्या वाचनात आली. या हॅस्लमचं प्रकरण गमतीचं आहे. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या आपल्या चर्चमध्ये तो प्रवचन करत होता, आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच उमगलं की जे मी इतरांना सांगतोय ते माझ्याकडे नाही. त्याचा चेहरा-आवाज बदलला, तेव्हा समोरचा एक स्थानिक उपदेशक ओरडला, “पाळकाचं परिवर्तन झालं!” म्हणजे प्रवचन देणाराच त्या दिवशी रुग्ण निघाला. रमाबाईंना त्या पुस्तकात आपलं दुखणं दिसलं. मग त्यांनी काय केलं? नवा उपास धरला नाही, आणखी एक संस्था काढली नाही. आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही हे कबूल केलं आणि जे फुकट देऊ केलंय ते घेतलं. ख्रिस्ती भाषेत याला कृपा म्हणतात.

दीनता माणसाला लोळागोळा करते अशी भीती असेल, तर पुढचं बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचा साध्या, घरगुती मराठीत अनुवाद केला. १९२२ साली त्या वारल्या आणि तो नंतर, १९२४ साली बाहेर आला. हात रिकामे आहेत हे कळलेल्या बाईचे हात कामाला लागले ते असे.

ओळखायचं कसं?

याची सात लक्षणं वगैरे यादी मी देणार नाही. माणसामाणसांत ते वेगळं येतं. कुणाला मुलावर हात उगारल्यानंतरच्या शांततेत कळतं, कुणाला सगळं मिळाल्यावर आलेल्या कंटाळ्यात. येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राला, बापाची वाटणी उडवून कंगाल झालेल्या त्या पोराला, ते डुकरांच्या शेंगांपुढे कळलं. लूक तिथे सुंदर शब्द वापरतो, तो ‘शुद्धीवर’ आला. त्याच्या थोरल्या भावाला मात्र, जो कधी घर सोडून गेला नाही आणि शेतात राबत राहिला, गोष्टीच्या शेवटापर्यंत कळल्याचं दिसत नाही. तो अंगणातच उभा राहतो.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या लोकांना हे आमच्यापेक्षा चांगलं समजतं असं मला कधी कधी वाटतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली ती एका ख्रिस्ती गटाच्या संस्कारांतूनच. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी अशी की दारूपुढे आपलं काही चालत नाही, आयुष्य आपल्या हातात राहिलेलं नाही, हे कबूल करणं. ‘उद्यापासून सोडतो’ ही पायरी त्या यादीत नाही. मनाशी ठरवलं की सुटेल म्हणणारा अजून पेनेस आहे.

मंडळ्यांनी या ओळखीला रोजच्या उपासनेत जागा करून ठेवली आहे. कॅथलिक मिस्साच्या सुरुवातीला छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतात, आणि ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तो रोमन शताधिपती आठवतात ज्याने येशूला म्हटलं, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही, फक्त शब्द बोल. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत एक छोटी प्रार्थना श्वासासारखी दिवसभर म्हणतात: प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर. आम्ही प्रॉटेस्टंट लोक साक्ष देतो, कधी जरा लांबच देतो.

त्या ऑर्थोडॉक्स प्रार्थनेचं मूळ लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदारात आहे. मंदिरात दोघे जण गेले. एक परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, आणि दुसरा लोकांनी पापी मानलेला जकातदार. परूशी म्हणाला, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, आणि ह्या जकातदारासारखा नाही. तो खोटं बोलत नव्हता. खरंच देत असणार. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवत एवढंच म्हणाला, “हे देवा, मज पाप्यावर दया कर.” ग्रीकमध्ये त्याने स्वतःला ‘एक पापी’ म्हटलेलं नाही, ‘तो पापी’ म्हटलंय, जणू मंदिरात दुसरा कुणी पापी नाहीच. परूशाच्या प्रार्थनेत जकातदार आहे. जकातदाराच्या प्रार्थनेत परूशी नाही. या गोष्टीत एक सापळा आहे, आणि त्यात मी दर वर्षी पडते. वर्गात ती शिकवताना मनात येतंच, बरं झालं, आपण त्या परूशासारख्या नाही.

दीनतेचीही पुंजी करता येते, हाच त्या सापळ्याचा अर्थ. ‘मी किती पापी’ हे फार सुरेख सांगता यायला लागलं, त्यावर लोक डोळे पुसायला लागले, की समजावं ती साक्ष आता मालमत्ता झाली. कबुली ही तारणाची किंमत नव्हे. डॉक्टरकडे ‘मी आजारी आहे’ म्हटल्याबद्दल कुणाला बक्षीस मिळत नाही, औषध मिळतं.

परवा त्याच वर्गात मी मार्टिन लूथरची शेवटची चिठ्ठी सांगितली. आयुष्यभर त्याने खंडच्या खंड लिहिले, जर्मन भाषेत पवित्र शास्त्र आणलं, पोपशी भांडला. फेब्रुवारी १५४६ मध्ये आयस्लेबेनला तो वारला, तेव्हा त्याच्या हातचा एक कागद सापडला. शेवटची वाक्यं दोन. ‘आपण भिकारी आहोत’ हे जर्मनमध्ये, त्याच्या आईच्या भाषेत. ‘हे खरं आहे’ एवढं लॅटिनमध्ये, पंडितांच्या भाषेत.

तो पोरगा आता नववीत आहे, आवाज फुटलाय. त्याने हात वर न करताच विचारलं, “मग टीचर, त्याला भीक मिळाली का?”

मी त्याला मत्तय पाच, तीनचा दुसरा अर्धा भाग मोठ्याने वाचायला सांगितला.